माहेरची चकती

आमच्या भाऊजींना, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांना, दुसऱ्याच्या घरात बसून दुसऱ्याच्या वस्तूंना नावं ठेवायची खोड आहे. खुर्ची माझी, चहा माझा, बिस्किटं माझी, आणि तोंड तेवढं त्यांचं. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी दारातून आत येताना आधी वर्ग तपासावा तशी खोलीभर नजर फिरवतात. "वहिनी, घड्याळ दोन मिनिटं मागे आहे." "वहिनी, ते चित्र डावीकडे कललंय." एकदा म्हणाले, पंख्यावर धूळ आहे. ते गेल्यावर मी स्टुलावर चढून बघितलं. धूळ नव्हती. पण मला चढावं लागलं ना, त्याचा राग अजून आहे.

एवढं सगळं मी पस्तीस वर्षं गिळलं. गेल्या रविवारी मात्र त्यांनी माझ्या माहेराला हात घातला.

भाऊजींनी सध्या आमच्या घराण्याचं पुस्तक काढायला घेतलंय. चौसष्ट पानं. त्यातली साठ पुरुषांची. कोण कुठल्या हुद्द्यावर होतं, कुणाचा सत्कार झाला, कोण कशानं वारलं. उरलेल्या चार पानांचं नाव 'सुनांची माहेरं'. दर सुनेला अर्धं पान. मी थोरली, म्हणून माझं अर्धं पान सगळ्यात आधी, एवढाच काय तो मान.

तरी ते अर्धं पान मला हवं होतं. माझे वडील जहाजावर इंजिनखोलीत फिटर होते. त्यांचं नाव कुठल्या पाटीवर नाही, दगडावर नाही, छापील कागदावर तर नाहीच. एकुलता एक फोटो ओल लागून असा झालाय की त्यात माणूस कुठला आणि जहाजाचं धुराडं कुठलं, हे बोट ठेवून दाखवावं लागतं. त्यांची म्हणून एकच वस्तू माझ्याकडे आहे, तळहातात मावेल एवढी लोखंडी चकती. मधे उभट भोक, कडेला आरपार कोरलेले दोन बगळे, आणि भोकाशेजारी तीन परकी अक्षरं. जपानी तलवारीत मूठ आणि पातं यांच्या मधे ती बसवतात, हात घसरून धारेवर जाऊ नये म्हणून.

वडील सांगायचे, तिकडच्या एका बंदरात जहाज आठ दिवस अडकलं होतं. सुट्टीच्या दिवशी फिरताना त्यांनी एका म्हाताऱ्याचा बंद पडलेला पाण्याचा पंप दुरुस्त करून दिला. म्हाताऱ्यानं कपाटातून ही चकती काढली आणि दोन्ही हातांनी त्यांच्या हातात ठेवली. आजोबांच्या तलवारीची होती म्हणे. आणि त्यावर मोठ्या कारागिराची सही होती. जहाजावरचे बाकीचे लोक घरी कापड घेऊन आले, आमच्या वडिलांनी लोखंडाचं झाकण आणलं, म्हणून आई दोन दिवस बोलली नाही.

तर रविवारी भाऊजींनी ती चकती स्वयंपाकघरातल्या खिळ्यावरून उतरवली, मोबाइलमधल्या कसल्याशा चित्राशेजारी धरली आणि निकाल दिला, "वहिनी, नकली आहे."

"कोण?"

"चकती. ओतीव काम. बंदरावर पाहुण्यांना विकायला अशा पोत्यानं ओततात. पण काळजी करू नका, फोटो मी छापणार आहे. खाली ओळही तयार आहे." आणि वाचून दाखवली: "'थोरल्या वहिनींच्या माहेरची नकली जपानी चकती. वहिनींचे वडील गोष्टी छान सांगत.'"

गोष्टी छान सांगत! मी चौथी शिकले, तीही पुरती नाही. पण वाक्यात टाचणी कुठे लपवलीय ते कळायला तेवढी पुरते. सरळ खोटारडा म्हटलं असतं तर मी भांडले असते. हे म्हणजे हसत हसत हार घालायचा आणि दोऱ्यात काटेरी तार ओवायची.

"आणि खरी निघाली तर?" मी विचारलं.

"तर तज्ज्ञाचं पत्र आणा. शुक्रवारी सकाळी पुस्तक छापायला जातं."

आमच्या ह्यांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. आमचे हे घरातल्या प्रत्येक भांडणात तेवढंच करतात. मोठं भांडण असलं तर पुरवणीही वाचतात.

सोमवारी सकाळपर्यंत बातमी जिनाभर झाली. कशी झाली मला माहीत नाही. मी फक्त चार जणींना सांगितलं होतं. खालच्या मजल्यावरचे विमेवाले लोहचुंबक घेऊन आले. चुंबक चकतीला चिकटलं. "लोखंड आहे," ते गंभीरपणे म्हणाले. मी म्हटलं, हे मला चाळीस वर्षं माहीत आहे. ते म्हणाले, "आता खात्री झाली." समोरचा शिंपी म्हणाला, ज्योतीवर धरा, अस्सल असेल तर काळी पडणार नाही. चकती आधीच काळी होती, त्यामुळे हा उपाय तिथेच संपला.

खरा घात केला तो वरच्या मजल्यावरच्या बाईंनी. त्यांच्या घरात फरशी कुठली आणि आरसा कुठला ते पाय ठेवल्याशिवाय कळत नाही. चकती दोन बोटांत धरून त्या म्हणाल्या, "अगंबाई, अशीच नेणार? एवढी गंजकी? तज्ज्ञ काय म्हणेल, ह्या बाईच्या घरात घासणी नाही?"

बाकी काहीही म्हणा, पण माझ्या घासणीला म्हणू नका. माझ्या घरातून आजवर दूधवाल्याचं पातेलंसुद्धा काळ्या बुडाचं बाहेर गेलेलं नाही. मी व्हिनेगर घेतलं, मीठ घेतलं, तारेची घासणी घेतली आणि बाह्या सारल्या. एका बगळ्याच्या पाठीमागे अंगठ्याएवढा भाग असा लखलखीत निघाला की मला स्वतःचंच कौतुक वाटलं.

तेवढ्यात आमचे हे स्वयंपाकघराच्या दारात आले आणि दोन दिवसांतलं पहिलं वाक्य बोलले. "अगं, कशाला घासतेस? म्हातारी आहे ती."

मी थांबले. त्यांचं ऐकून नव्हे, व्हिनेगर संपलं म्हणून.

मंगळवारी मी ह्यांना बरोबर घेऊन संग्रहालयात गेले. दारावरच्या पहारेकऱ्यानं पिशवी उघडायला लावली. "हे काय?"

"जुन्या तलवारीची चकती. तज्ज्ञांना दाखवायचीय."

तलवार हा शब्द ऐकल्यावर तो दोन पावलं मागे सरला. हत्यार किंवा हत्याराचा भाग आत न्यायला पोलीस ठाण्याचं पत्र लागतं, असं त्यानं भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवून सांगितलं. मी म्हटलं, "अरे, हिनं कापायचं काय? लोणी?" तो म्हणाला, नियम आहे. माझ्या हातातल्या लांब छत्रीला पुढे चांगलं वीतभर टोक होतं. ती त्यानं खुशाल आत जाऊ दिली असती.

पोलीस ठाण्यात हवालदारांनी चकती टेबलावर ठेवली आणि वही उघडली.

"तलवार कुठे आहे?"

"तलवार नाहीये. फक्त चकती आहे."

"चकती तलवारीची आहे ना?"

"हो."

"मग तलवार कुठे आहे?"

"अहो, शर्टाचं बटण घेऊन आले, तर शर्टातला माणूस कुठे लपवलाय विचाराल का?"

हवालदार शांतपणे म्हणाले, "विचारतो. बऱ्याचदा सापडतो."

मी पिशवी त्यांच्या टेबलावर उलटी करून झटकून दाखवली. दीड तासानं पत्र मिळालं. ह्यांनी वाचून दाखवलं: 'सदर महिलेकडे चकती आढळली. तलवार आढळली नाही. तपास चालू आहे.'

"तपास कसला चालू आहे?" मी ओरडले.

"ते छापीलच असतं, आजी."

तपासापेक्षा ते 'आजी' जास्त लागलं. परत येताना भाजीवाल्यापासून विमेवाल्यांपर्यंत सगळे विचारत होते, ठाण्यात कशाला गेला होता? ह्यांनी प्रत्येकाला "तलवारीच्या भानगडीत" एवढंच उत्तर दिलं. कमी बोलणाऱ्या माणसाचा हा तोटा आहे, जेवढं बोलतो तेवढं नडतं.

बुधवारी संग्रहालयाच्या खिडकीशी अर्ज. कारकून प्रश्न विचारत होता आणि स्वतःच लिहीत होता.

"वस्तू कोणत्या शतकातली?"

"ते कळावं म्हणूनच आलेय ना."

"रकाना रिकामा चालत नाही."

"मग लिहा, मागच्या."

त्यानं लिहिलं. "वस्तू ताब्यात कशी आली?"

"पंप दुरुस्त करून."

त्यानं तेही लिहिलं. "सध्याची अवस्था?"

"संतापलेली."

"वस्तूची, बाई."

शेवटी सही. आता खरं सांगते, माझी सही म्हणजे एक कामच आहे. शाळेत मी सुटी अक्षरं शिकले. ही झोकदार, एका दमात पळणारी सही लग्नानंतर ह्यांनी कागदावर करून दिली आणि मी ती गिरवली. आजही मी सही लिहीत नाही, काढते, शिंपी कापडावर खडूनं रेघ काढतो तशी. वळणावर थांबते, पुढे कुठे जायचं ते आठवते, मग निघते. कारकून खाकरला. मी आणखी सावकाश काढली.

"उद्या अकरा ते एक," तो म्हणाला. "तज्ज्ञ बाई आठवड्यातून एकदाच बसतात."

गुरुवारी भाऊजीही आले. साक्षीदार म्हणून, असं त्यांचं म्हणणं. इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन पेनं.

तज्ज्ञ बाई लहान चणीच्या, हातात पांढरे मोजे, गळ्यात दोरीला भिंग. मी चकती त्यांच्या समोरच्या काळ्या कापडावर ठेवली, चमकणारी बाजू मुद्दाम वर करून. त्यांनी ती बघितली आणि डोळे मिटून घेतले.

"हे कुणी केलं?"

"मी," मी म्हटलं, जरा अभिमानानंच.

"ह्या लोखंडावरचा हा तपकिरी-जांभळट थर म्हणजे घाण नव्हे हो. कारागिरानं तो मुद्दाम चढवलेला असतो, आणि पिढ्यान्पिढ्या कापडानं पुसून पुसून तो मुरवतात. तुम्ही एका सकाळीत खरवडून काढलात."

अस्वच्छतेबद्दल बोलणाऱ्यांना मी पुरून उरले होते. स्वच्छतेबद्दल बोलतील असं स्वप्नातही आलं नव्हतं. कान तापले. भाऊजी मागे खुर्चीत सुखानं हलल्याचं मला पाठीतून कळलं.

मी म्हटलं, "चुकलं. आता उरलेली बघा."

त्यांनी माझी चकती बाजूला सरकवली. मग खणातून चार चकत्या काढून ओळीनं मांडल्या. "आधी ह्या बघा. अस्सल कोणत्या ते तुम्ही दोघं सांगा. म्हणजे मी तुमच्या चकतीबद्दल जे सांगेन ते तुम्हाला नुसतं ऐकावं लागणार नाही."

भाऊजी पुढे सरसावले. मोबाइल काढला, तिरका धरला, सरळ धरला आणि सोनेरी ड्रॅगनवाली उचलली. "ही. काम किती रेखीव आहे! वर सहीसुद्धा आहे."

बाईंनी ड्रॅगनच्या पोटातल्या फटीत भिंग धरलं. "आतल्या कडेनं ही बारीक रेघ दिसते? साच्याचे दोन भाग इथे जुळले. तुमची ही ओतीव आहे, सर."

'सर' ऐकून ते अर्धे खूश झाले, तेवढ्यात वाक्य संपलं.

मी विचारलं, "वाजवू का?" मी कढई घेताना दुकानात वाजवूनच घेते. एकदा एका दुकानदाराच्या सोळा कढया वाजवल्या होत्या; सतराव्याला त्यानं मला चहा पाजून बाहेर काढलं. बाईंनी दोरा दिला. मी एकेक चकती दोऱ्याला लटकवून लाकडी पेन्सिलीनं टिचकी मारली. ड्रॅगन म्हणाला ठप्. दुसरी ठप्. तिसरी मात्र अशी किणकिणली की आवाज खोलीच्या कोपऱ्यात जाऊन बसला. चौथी परत ठप्.

"तिसरी," मी म्हटलं.

"बरोबर. ती ठोकून घडवलेली आहे. पण चौथीही अस्सल आहे, आणि चौघींत उत्तम तीच. ती तांब्याच्या मिश्रणाची आहे, म्हणून तशी वाजत नाही. आवाज फक्त लोखंडाला विचारायचा, आणि त्याच्यावरही एकट्यावर विसंबायचं नाही. तुमची तिसरी खरी आहे, पण काम अगदी सुमार. खरं असणं वेगळं, चांगलं असणं वेगळं."

हे मी मनात ठेवलं. माणसांतही असे बरेच आहेत.

मग बाईंनी माझी चकती दोऱ्याला लावली. टिचकी मारली. आवाज आला, स्वच्छ, लांब, आणि हळूहळू विरणारा. बाईंनी मान हलवली. मग मधल्या भोकावर भिंग धरलं. "इथे वर आणि खाली तांब्याचे तुकडे ठोकलेत, दिसतात? आणि कडेला छिन्नीचे ठोसे. नव्या पात्यावर चकती ढिली बसली की असं करून घट्ट करतात. ही निदान दोन तलवारींवर बसलेली आहे. बगळ्यांच्या आतल्या कडा कानशीनं घासलेल्या, साच्याची रेघ कुठे नाही. गंज, म्हणजे जो शिल्लक ठेवलात तो, खोलवरचा आहे. बाई, तुमची चकती अस्सल आहे. दोनशे वर्षांची तरी असावी."

मी भाऊजींकडे वळून बघितलं. इतका वेळ आणि इतकं सावकाश मी त्यांच्याकडे कधीच बघितलं नव्हतं.

पण मुख्याध्यापक माणूस, शेवटचा प्रश्न राखून ठेवणारच. "आणि सही? मोठ्या कारागिराची सही आहे असं वहिनींचे वडील सांगत. ती खरी का?"

"बघायचीय?" म्हणून बाईंनी भिंग माझ्या हातात दिलं.

चाळीस वर्षं ती तीन अक्षरं मी रोज बघत होते, पण अशी मोठी करून कधीच नाही. मला त्या भाषेतलं ओ की ठो कळत नाही. पण पहिल्या अक्षराच्या वळणावर छिन्नी थांबली होती. तिथे एक खोल टिंब. मग पुन्हा निघाली. दुसऱ्या अक्षरातही तसंच. थांबली, आठवलं, निघाली. ज्याचं नाव असतं त्याचा हात असा अडखळत नाही. हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार?

बाई माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या. भाऊजी पेन काढून तयार होते. मी भिंग खाली ठेवून 'मला काय कळतंय' म्हटलं असतं तर चाललं असतं. माझा चेहरा बघून बाईंनीही कदाचित सहीचं नक्की सांगता येत नाही म्हणून सोडून दिलं असतं. पण माझे वडील यंत्राच्या आतला, कुणालाही न दिसणारा नटसुद्धा ढिला सोडत नसत. त्यांच्या अर्ध्या पानावर मी ढिला नट ठेवणार होते होय?

"सही खोटी आहे," मी म्हटलं.

आमचे हे दारापाशी बसले होते, ते उठून उभे राहिले.

"तुम्हाला कसं कळलं?" बाईंनी विचारलं.

"मी अशीच सही करते. ही लिहिलेली नाही, गिरवलेली आहे."

बाई हसल्या. त्या दिवसात पहिल्यांदाच. "अगदी बरोबर. शिवाय बाकी सगळ्या कडा झिजून गोल झाल्यात आणि अक्षरांच्या कडा अजून टोचतात. कुणीतरी मागाहून नामवंताचं नाव कोरलं, चकतीचं वजन वाढावं म्हणून. फार जुनी खोड आहे ही. त्या म्हाताऱ्याला, तुमच्या वडिलांना, कुणालाच ते माहीत असायचं कारण नाही. आणि गंमत म्हणजे, ज्यानं बगळे कोरले त्याचा हात चांगला होता. थोर नव्हे, पण चांगला. त्याला उसन्या नावाची गरज नव्हती."

त्यांनी पत्र लिहून दिलं. त्यात माझ्या घासणीचाही उल्लेख केला, 'मालकिणीकडून अलीकडे झालेली हानी' असा. मी म्हटलं, राहू द्या, खरं आहे ते.

घरी आलो. शुक्रवार सकाळची वाट न बघता मी भाऊजींना त्याच खुर्चीत बसवलं आणि पान काढायला लावलं.

ते आता बरेच फुलले होते. "म्हणजे बघा वहिनी, मीही बरोबरच होतो. अर्धी नकली निघालीच की! 'अंशतः नकली' असं लिहू या. कसं?"

"तुम्ही काही लिहायचं नाही. मी सांगते ते उतरवायचं. शुद्धलेखन तेवढं तुमचं." आणि मी सांगितलं: "थोरल्या सुनेचे वडील जहाजावर फिटर होते. परक्या बंदरात एका म्हाताऱ्याचा पंप त्यांनी पैसे न घेता दुरुस्त केला, तेव्हा त्यानं ही चकती दिली. चकती अस्सल. काम चांगलं. वरची सही खोटी, ती दुसऱ्या कुणीतरी केलेली. बगळ्यामागचा पांढरा डाग मुलीच्या हातचा. वडिलांनी जसं ऐकलं तसंच सांगितलं, पदरचं काही घातलं नाही."

भाऊजी लिहीत होते. मधे एकदा थांबले, म्हणाले, "'गोष्टी छान सांगत' काढू?"

"काढा."

काढलं त्यांनी. दोनदा रेघ मारली. आमच्या ह्यांनी वर्तमानपत्र घडी करून बाजूला ठेवलं होतं, हे मी तेव्हा बघितलं.

मजकूर पुरा झाला. भाऊजींनी तो मोठ्यानं वाचला, मान डोलावली, "छान जमलंय," म्हणाले. मग खिशातलं दुसरं पेन काढलं आणि खालच्या कोपऱ्यात लिहू लागले. 'संशोधन व लेखन' एवढं लिहून झालं होतं आणि पुढे स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर येत होतं.

मी त्यांच्या हातावर हात ठेवला.

"भाऊजी," मी म्हटलं, "दुसऱ्याच्या कामावर नाव कोरणारे त्या काळीही होते. पण त्यानं निदान मोठ्या माणसाचं नाव कोरलं होतं."